स्वभाव कुठे राहतो?

स्वभावाला औषध नाही, ही म्हण आपल्याकडे वाद मिटवायला वापरतात. सुनेबद्दल बोलणं निघो, भावकीतल्या तंट्याबद्दल निघो, की एखाद्या जातीबद्दल आवाज खाली करून काही सांगायचं असो, म्हण टाकली की पुढचं बोलणं खुंटतं. जित्याची खोड ही तिची सख्खी बहीण. दोघींनी एक गोष्ट धरून चालवलेली असते: स्वभाव ही ज्याची त्याची खासगी मालमत्ता आहे, ती त्याच्या आत कुठेतरी ठेवलेली असते, जन्माबरोबर येते आणि सरणावर जाते.

हे धरून चाललेलं खरं आहे का, ते मला तपासायचं आहे. त्यासाठी माझ्याकडे साहित्य आहे ते पांढऱ्या पेशींचं. माझी उभी नोकरी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात गेली. वडील वाईला शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यामुळे गीतेचा अठरावा अध्याय अर्थ कळायच्या आधीच पाठ झाला होता. त्यात चार वर्णांची कर्मं स्वभावातून उपजलेल्या गुणांनुसार वाटून दिली आहेत. लहानपणी तो भाग मी पाढ्यासारखा म्हणायची. पुढे पेशी हाताळताना स्वभाव हा शब्द मला टोचायला लागला.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला कोणी एकच उत्तर दिलेलं नाही. श्वेताश्वतर उपनिषदात अगदी आरंभी जगाचं मूळ कारण काय, यावर उमेदवारांची यादी येते: काळ, स्वभाव, नियती, यदृच्छा. उपनिषद यातल्या कुणावरही समाधान मानत नाही. स्वभाववादी म्हणून ओळखले जाणारे लोक मात्र मानायचे. काट्याला टोक आणि मोराला रंग कुणी देत नाही, ते त्यांच्या स्वभावातच आहे, पुढे विचारू नका, असा त्यांचा खाक्या. आणि दुसऱ्या टोकाला नागार्जुन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा हा बौद्ध आचार्य. आपल्या मूलमध्यमककारिकेतलं पंधरावं प्रकरण त्याने स्वभावाच्याच तपासणीला दिलं. त्याचा मुद्दा साधा आणि जीवघेणा आहे. स्वभाव म्हणायचा तर तो कुणी घडवलेला नसावा आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नसावा. आता अशी एक तरी वस्तू दाखवा.

पेशी वाढवणाऱ्या माणसाला अशी वस्तू दाखवता येत नाही.

नवीन मुलं लॅबमध्ये आली की पहिला धडा मोजणीचा. न्यूबाउअर चेंबर नावाची जाड काचपट्टी असते, तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या. पेशींच्या थेंबात ट्रायपॅन ब्लू मिसळायचं, थेंब काचेखाली सोडायचा आणि चौकटींतल्या पेशी मोजायच्या. मेलेली पेशी निळी दिसते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही आणि मोत्यासारखी चमकते. आमच्याकडे जुरकॅट नावाच्या मानवी टी पेशी कायम वाढत असत. त्यांचा नियम फ्रीजच्या दारावर चिकटवलेला: मिलिलिटरमागे एक लाखाच्या खाली नेऊ नका. एका मुलीने मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, वाचवायला, खरं तर पेशींना ऐसपैस जागा मिळावी या चांगल्या हेतूने, त्या फारच विरळ पेरल्या. दोन दिवसांनी ती रडवेल्या चेहऱ्याने आली. "मॅडम, सगळं ताजं होतं. मीडियम नवं, सीरम नवं, इन्क्युबेटर सदतीसवर. तरी निळ्याच दिसतायत."

मीडियम खरंच नवं होतं, गुलाबीलाल, आणि तेच तर नडलं. मी तिला दाट वाढलेल्या फ्लास्कमधलं जुनं, पिवळटलेलं मीडियम काढायला सांगितलं. पेशी खाली बसवून वरचं पाणी गाळून घे, निम्मं हे आणि निम्मं नवं असं घाल. उरल्यासुरल्या पेशी त्यावर तगल्या आणि वाढूही लागल्या. या उष्ट्या मीडियममध्ये आधीच्या पेशींनी सोडलेले रेणू असतात. विरळ पेरलेल्या पेशीला अन्न भरपूर मिळतं, पण शेजारी आहेत याची खूण मिळत नाही. ती खूण नसली की बऱ्याच पेशी स्वतःला मारून घेतात. तसा कार्यक्रम त्यांच्या आतच लिहिलेला असतो.

इथे विचार करायला जागा आहे. या पेशीचा स्वभाव जगण्याचा की मरण्याचा? मिलिलिटरमागे किती, हे सांगितल्याशिवाय प्रश्नाला उत्तरच नाही.

पेशींना आपली संख्या कळते ही गोष्ट आधी जिवाणूंमध्ये सापडली. समुद्रात व्हिब्रिओ फिशेरी नावाचा एक जिवाणू आहे. तो उजेड देतो, पण मोकळ्या पाण्यात एकटा असताना नाही, माकूळासारख्या प्राण्याच्या अवयवात दाटीने भरल्यावरच. १९७० मध्ये नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी दाखवलं की वाढत्या जिवाणूंनी बाहेर सोडलेलं काहीतरी पुरेसं साचलं की सगळे मिळून उजळतात. १९९४ मध्ये याला क्वोरम सेन्सिंग हे नाव पडलं, म्हणजे गणपूर्ती झाली की नाही ते ओळखणं. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेला गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. जिवाणूला ही सवलत नाही. संख्या भरली नाही तर उजेड नाही.

रोगाशी लढणाऱ्या पेशीही अशी मोजदाद करतात, हे गेल्या दोन-तीन दशकांत स्पष्ट होत गेलं. त्यातली एक हकिगत मी प्रत्येक नव्या बॅचला सांगत असे, कारण तिच्यात माणसं मरता मरता वाचली आहेत.

मार्च २००६. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना टीजीएन १४१२ नावाचं नवं औषध शिरेतून दिलं गेलं. टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी २८ नावाची एक कळ असते, ती दाबणारं हे प्रतिपिंड. एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग आणि संधिवात यांवर उपयोगी पडेल अशी आशा होती. माकडांना दिलेल्या निर्धोक डोसच्या पाचशेव्या भागापासून सुरुवात केली होती. प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पेशींवरही ते घालून पाहिलं होतं आणि त्या पेशी थंड राहिल्या होत्या. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब कोसळला. काही तासांत फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बंद पडायच्या बेताला आली. सगळ्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सहाही जण वाचले, पण सगळे धडधाकट परतले नाहीत.

माकडं का वाचली, याचा एक खुलासा पुढे मिळाला. लढण्यात मुरलेल्या ज्या टी पेशींनी माणसात हा आगडोंब उसळवला, माकडांत तशा पेशींवर सीडी २८ ही कळच नसते. पण मग परीक्षानळीतल्या माणसाच्या पेशी थंड का राहिल्या? त्यांच्यावर तर कळ होती.

या प्रश्नाचं उत्तर २०११ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या संशोधकांनी दिलं, आणि ते ऐकून आमच्यासारख्या फ्लास्क धुणाऱ्यांना धक्का बसावा इतकं साधं होतं. त्यांनी माणसाच्या रक्तातल्या तशाच पेशी आधी दोन दिवस अगदी दाट ठेवल्या, मिलिलिटरमागे सुमारे एक कोटी. मग नेहमीच्या विरळ चाचणीत तेच औषध घातलं. या वेळी पेशी खवळल्या. लंडनमध्ये शरीरात झालं तेच नळीत दिसलं.

कारण असं. टी पेशी ज्या कुळातल्या, त्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम दोन टक्के कुठल्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात, लसीकाग्रंथींत खचाखच भरलेल्या असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते याच वस्तीतल्या एका गावाचं सुजणं. त्या दाटीत टी पेशीला शेजारपेशींचा स्पर्श सतत होत असतो आणि त्या स्पर्शाने तिची आतली यंत्रणा अर्धवट चालू राहते, चुलीत निखारा राखून ठेवावा तशी. पेशी रक्तात उतरली की स्पर्श तुटतो आणि यंत्रणा थंडावते. रक्त काढून विरळ तपासलं तर थंड पेशीच हाती लागणार. दोन दिवस दाटीत ठेवली की ती पुन्हा सावध होते.

म्हणजे औषध तपासणाऱ्यांनी टी पेशीचा स्वभाव तपासला होता, पण एकटीचा. निकाल खरा होता आणि निरुपयोगी होता.

या हकिगतीला एक पुढचा भागही आहे. तेच प्रतिपिंड पुढे नवं नाव घेऊन रशियात निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं, लंडनच्या डोसच्या हजाराव्या भागापासून सुरुवात करून. वादळ उठलं नाही. इतक्या कमी मात्रेत ते मुख्यतः नियामक टी पेशींना, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या पेशींना जागं करतं, असं दाट ठेवलेल्या पेशींवरच्या चाचणीतून आधीच दिसलं होतं. कळ तीच, औषध तेच. मात्रा बदलली की आग लावणारं औषध आग विझवणारं झालं.

आता नागार्जुनाकडे परत जाऊ, कारण इथे एक मोह होतो. स्वभाव एकट्या पेशीत नाही ना, मग तो गर्दीत आहे, असं म्हणून टाकावं. माझ्या ओळखीचे बरेच शास्त्रज्ञ इथेच थांबतात. नागार्जुन थांबत नाही. वस्तूला स्वतःचा स्वभाव नसेल तर ‘दुसऱ्याचा स्वभाव’ तरी कुठून येणार, असं तो लगेच विचारतो, कारण दुसराही आपल्या जागी ‘स्वतः’च असतो. लॅबच्या भाषेत सांगायचं तर गर्दी म्हणून वेगळी काही वस्तू फ्लास्कमध्ये नसते. शेजारणीने जे सोडलं ते हिने ओळखलं, हिने जे सोडलं ते शेजारणीने ओळखलं, एवढंच तिथे घडत असतं. कुणी पेशी मोजत नाही, कुणाला आकडा माहीत नाही. जे आहे ते देण्याघेण्यात आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला जनुकांचा. त्वचेची पेशी कितीही टी पेशींच्या दाटीत ठेवा, ती टी पेशी होणार नाही. तेव्हा काहीतरी आतलं आहेच. हे मान्य करायलाच हवं. पण आत जे आहे ते शक्यतांचं भांडार आहे. टी पेशीत जगणं, मरणं, भडकणं, आवरणं, सगळं लिहिलेलं आहे. यातलं काय वाचलं जाईल हे एकटी पेशी ठरवत नाही. भांडाराला स्वभाव म्हणायचं असेल तर म्हणा, मात्र मग त्यावरून कुणाच्या वागण्याचं भाकीत करू नका.

दुसरा आक्षेप जास्त टोकाचा आहे आणि तो मला झोपू देत नसे. स्वभाव देण्याघेण्यातून घडतो म्हटलं की जबाबदारी कोणाची? दंगलीत पकडलेला माणूस सांगतो की मी एकटा असतो तर दगड उचलला नसता. बहुधा खरंच सांगत असतो. मग सोडून द्यायचं का त्याला?

इथे मला न्यूट्रोफिल पेशींनी शिकवलं. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर सगळ्यात मोठी टक्केवारी ज्यांची असते त्या या. जखमेत जंतू शिरले की पहिल्या पोचलेल्या न्यूट्रोफिल ल्युकोट्राइन बी४ नावाचा रेणू सोडतात. तो ओळखून आजूबाजूच्या धावत येतात, आल्या की त्याही तोच रेणू सोडतात, आणि बघता बघता मोहोळ जमतं. ही गर्दी कामाची असते, पण न्यूट्रोफिलची हत्यारं जंतू आणि आपलं मांस यांत फरक करत नाहीत. मोहोळ वाढतच गेलं तर घर वाचवायला आलेले घरच पाडतील. मग ते थांबतं कसं? बरीच वर्षं असं धरून चालत की बाहेरून दुसऱ्या पेशी येऊन आवरत असतील. २०२१ मध्ये फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने उंदरांवर दाखवलं की ब्रेक त्यांच्या स्वतःच्या आतही आहे. ल्युकोट्राइनची दाटी फार वाढली की जीआरके २ नावाचं प्रथिन त्या रेणूचा ग्राहक बंद करतं. पेशी आपल्याच जमावाच्या हाकेला बहिरी होते आणि जागच्या जागी थांबते. ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिलमध्ये हे प्रथिन नव्हतं, त्यांच्यात मोहोळं मोठी झाली. वाटेल की जंतू लवकर मेले असतील. उलट झालं. पेशी धावतच राहिल्या, थांबून जंतूंना वेढा घालणं जमेना, आणि जंतू जास्त फोफावले.

गर्दीने पेशीला बोलावलं हे खरं, आणि किती गर्दी झाली म्हणजे ऐकणं बंद करायचं हे प्रत्येक पेशीच्या आत बसवलेलं आहे, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे कळल्यावर माझा आक्षेप सैल झाला. वडिलांनी पाठ करून घेतलेली गीता इथे वेगळी दिसते. तिसऱ्या अध्यायात एका श्लोकात ती म्हणते की ज्ञानी माणूसही प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथे निग्रहाचं काय चालणार. लोक इथे पुस्तक मिटतात. पण लगेच पुढच्या श्लोकात इंद्रियांच्या आवडीनिवडीच्या कह्यात जाऊ नकोस, असं बजावलं आहे. कह्यात न जाणं शक्यच नसतं तर बजावलं कशाला असतं? ओढ मान्य करायची आणि थांबण्याची जागाही मान्य करायची, असे हे दोन श्लोक जोडीने वाचले पाहिजेत.

शिवाय थांबणं म्हणजे नुसतं हिंसेतून थांबणं नव्हे. टी पेशींना जगायला इंटरल्युकिन ७ लागतं. ते ऊतींमधल्या आधारपेशी ठरावीक प्रमाणात बनवतात, मागणी वाढली म्हणून जास्त बनत नाही. पेशी कमी झाल्या तर ते शिल्लक राहतं आणि उरलेल्या वाढतात, पेशी जास्त झाल्या तर तुटवडा पडतो आणि काही मरतात. अशी संख्या आपोआप राखली जाते. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की पेशीला तिचा वाटा मिळाला की ती तो पकडणारा ग्राहक स्वतःहून कमी करते. पोट भरलं, आता हात मागे. त्यामुळे तोच तुटपुंजा साठा कितीतरी जास्त पेशींना पुरतो. संशोधकांनी याला परोपकारी म्हटलं. मी तो शब्द वापरणार नाही, कारण पेशीला परोपकार कळत नाही आणि लोभही कळत नाही. पण अपरिग्रह हे साधुसंतांनाच परवडणारं व्रत आहे, असं म्हणणाऱ्याला मी हे नक्की सांगेन की त्याच्या काखेतल्या गाठीत ते या क्षणी चाललं आहे.

पेशीवरून माणसाला नीती शिकवायची नाही, हे मला ठाऊक आहे. शरीराचा दाखला देऊन समाजाला शिकवण्याचा धंदा जुना आहे आणि वाईट आहे. पुरुषसूक्तात विराट पुरुषाचं मुख ब्राह्मण झालं आणि शूद्र पायांपासून जन्मले. रोममध्ये संपावर गेलेल्या सामान्यांना पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून कामावर परत पाठवल्याचं लिव्हीने लिहून ठेवलं आहे. दोन्हीकडे शरीराचं नाव घेऊन ज्याची त्याची जागा कायमची ठरवली गेली. म्हणून मी उलटं म्हणते. शरीरात बघायला गेलात तर तुम्हाला हवा तो दाखला मिळणार नाही. तिथे निदान या पेशींना जागा जन्माने दिलेली नाही, आणि कुणी किती आहोत हे सांगणारं मुखही नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये चातुर्वर्ण्याच्या पुरस्कर्त्यांना गाठलं ते नेमकं या जागी. माणसं मोजक्या ठळक वर्गांत कोंबणं म्हणजे माणसाकडे फार उथळपणे बघणं आहे, असा त्यांचा रोख होता. माझी भर एवढीच की ज्याला आपण एखाद्याचा स्वभाव म्हणतो तो बहुतेक वेळा आपण त्याला ज्या दाटीत किंवा ज्या एकटेपणात ठेवलं त्याचा निकाल असतो. पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवून मग त्यांच्यात कर्तृत्व नाही म्हणणं आणि विरळ नळीत तपासून औषध निर्धोक म्हणणं, या दोन्हींत तपासणाराची चूक एकच आहे. फरक एवढाच की लंडनला चूक सहा माणसांत आणि एका दिवसात उघडी पडली.

पेशी आणि माणूस यांत एक अंतर मात्र कधीच मिटणार नाही. आपण कुठल्या गर्दीत उभे आहोत ते पेशीला नुसतं जाणवतं, माणसाला ते विचारता येतं आणि तिथून निघूनही जाता येतं. दंगलखोराला म्हणूनच सोडता येत नाही. आणि त्याच कारणाने, ज्याला निघून जायची मुभाच नव्हती त्याच्यावर स्वभावाचं खापर फोडता येत नाही.

हे वाचणाऱ्यांत शिक्षक असतील तर त्यांच्यासाठी शेवटचं. एखादं मूल वर्गात मठ्ठ, घुमं किंवा उद्धट ठरलं असेल तर प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्याआधी त्याचा बाक बदलून बघा, सोबत बदलून बघा, पंधरा दिवस थांबा. त्याला खर्च काही येत नाही, आणि शाईने लिहिलेला शेरा मुलं आयुष्यभर खरा करत बसतात.